काकूला 'आपण' कोण म्हणतं?

एआयसाठी प्रॉम्प्ट कसा लिहावा हे शिकवणारं लेखन गेल्या काही वर्षांत इतकं झालंय, की त्याला वेगळा साहित्यप्रकार म्हणायला हरकत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे ते वाचणं कामाचाच भाग. पण वाचताना दहावीचं निबंधाचं गाइड आठवतं. भूमिका द्या, संदर्भ द्या, उदाहरण द्या, उत्तराचा आकार सांगा. चार मुद्दे, चार गुण.

यातला 'भूमिका द्या' हा सर्वांत लोकप्रिय मुद्दा मला सर्वांत पोकळ वाटतो. 'तू वीस वर्षं अनुभव असलेला अमुक आहेस' असं लिहिल्याने उत्तराचा सूर बदलतो, पण त्याला नसलेली माहिती त्यातून मिळत नाही. उदाहरणं मात्र खरंच कामाची. २०२० सालच्या जीपीटी-३वरच्या शोधनिबंधाचा रोखच तो होता : प्रश्नाआधी काही सोडवलेली उदाहरणं ठेवली, तर मॉडेलला नव्याने न शिकवताही बरीच कामं जमतात.

मग २०२२मध्ये टोक्यो विद्यापीठ आणि गूगलमधल्या संशोधकांनी 'पायरीपायरीने विचार करू या' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य प्रश्नाला जोडून पाहिलं. मल्टिअरिथ या शाब्दिक गणितांच्या संचावरची अचूकता १७.७ टक्क्यांवरून ७८.७वर गेली. शोध मोठा होता, यात वाद नाही. पण मार्गदर्शकांनी त्यातून उचललं ते एवढंच, की जादूचं वाक्य असतं आणि ते शोधावं. शाब्दिक गणितात लागणारी माहिती प्रश्नातच असते, उणीव असते ती पद्धतीची. आपली बहुतेक कामं अशी नसतात.

गेल्या पावसाळ्यात माझे काका वारले. मी बंगळुरात, तेराव्यालाही पोचलो नाही. काकूला पत्र लिहायचं होतं, दोन रात्री ओळ सुचेना. शेवटी टाइप केलं : काकांच्या निधनाबद्दल काकूला सांत्वनाचं पत्र लिही. उत्तरात 'आपणांवर कोसळलेला दुःखाचा डोंगर' होता आणि मृतात्म्यास शांती होती. चौकातल्या फ्लेक्सवर शोभलं असतं. काकूला मी जन्मात 'आपण' म्हटलेलं नाही. आमच्याकडे 'ए काकू' असतं. इंग्रजीतल्या 'यू'ला हे विचारावं लागत नाही. मराठीत पहिल्या क्रियापदाआधीच नातं ठरवावं लागतं, आणि इंग्रजीत जन्मलेल्या गाइडांत हा मुद्दाच नाही.

मग संदर्भ लिहिला. काका रविवारी अंगणात स्कूटर उघडून बसायचे. नट बोर्नव्हिटाच्या डब्याच्या झाकणात ठेवायचे. मी चुकीचा पाना दिला, तर रागवायचे नाहीत, हात तसाच पुढे धरून ठेवायचे. खाली सूचना : एखादी हृद्य आठवण घाल.

या वेळी पत्र चांगलं आलं. फारच चांगलं. त्यात काकांनी मला पहिल्या नोकरीच्या दिवशी घड्याळ दिलं होतं. असं काही झालेलं नाही. पण वाचताना क्षणभर माझंच मनगट चाचपलं. यंत्राला दोष देणं सोपं; पण आठवण मागितली मी होती, आणि दिलेल्याबाहेरचं लिहू नकोस हे सांगितलं नव्हतं. ते सांगितल्यावर घड्याळ गेलं. उरलं ते माझंच तीन ओळींचं, जरा इस्त्री केलेलं.

प्रॉम्प्टच्या वर्गात 'संदर्भ द्या' हे अर्ध्या ओळीत उरकतात. मला दोन रात्री अडल्या त्या तिथेच.

शेवटी तो संदर्भाचा परिच्छेदच मी वहीच्या कागदावर उतरवला आणि पोस्टाने पाठवला. आठवड्याने काकूचा फोन आला. बराच वेळ बोललो. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि ते झाकण बोर्नव्हिटाचं नव्हतं रे. डालड्याचं. माझ्याच डब्याचं पळवलं होतं त्यांनी."