इंग्रजी उपपदांचे अध्यापन आणि मराठी भाषकाचे निश्चिततेचे ज्ञान : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजी विषय सुरू करण्यात आला. तरीही पदवी वर्गातील विद्यार्थ्यांच्या लेखनात ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या उपपदांच्या चुका ठळकपणे आढळतात. ‘मराठीत उपपदेच नाहीत’ असे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. हे अर्धसत्य होय. मराठीत उपपद नाही. परंतु उपपद जे कार्य करते, ते मराठीतही अन्य मार्गांनी होते. अध्यापनात या कार्याची झालेली उपेक्षा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नियमांची यादी आणि तिची मर्यादा

पी. सी. रेन व एच. मार्टिन यांचे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे पुस्तक भारतीय वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. त्यात दोन्ही उपपदांच्या थोडक्यात व्याख्या देऊन पुढे ‘द’च्या उपयोगांची यादी येते : नद्या, समुद्र, पर्वतरांगा, काही ग्रंथांची नावे, विशेषणांची तमभावदर्शक रूपे इत्यादी. ही यादी निरुपयोगी नाही. ‘द गोदावरी’ यांसारखे प्रयोग पाठच करावे लागतात. परंतु केवळ यादीवर विसंबल्याने उपपद हा नामाचा गुणधर्म आहे, असा विद्यार्थ्याचा समज होतो. वस्तुतः बहुतांश वाक्यांत उपपदाची निवड नामावर नव्हे, तर श्रोत्याच्या ज्ञानावर अवलंबून असते. पॉल क्रिस्टोफरसन या डॅनिश अभ्यासकाने १९३९ मध्येच ‘द’चा संबंध श्रोत्याच्या परिचयाशी जोडला होता. हा विचार वर्गापर्यंत क्वचितच पोहोचला.

याचा परिणाम परीक्षेत दिसतो. ‘आय सॉ — डॉग’ असे सुटे वाक्य देऊन रिकामी जागा भरण्यास सांगितले जाते. येथे ‘अ’ही बरोबर आणि ‘द’ही बरोबर, कोणता कुत्रा, हे ऐकणाऱ्यास ठाऊक आहे की नाही, यावर उत्तर ठरते. उत्तरसूचीत मात्र एकच उत्तर असते. अशा वेळी ज्याला भाषा समजली आहे, त्याचाच गुण कापला जाण्याचा संभव असतो.

मराठीतील निश्चितता

‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यांतील शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यात पुस्तक नव्याने कळते. दुसऱ्यात ते आधीच माहीत असते, केवळ त्याचे स्थान कळते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अ बुक’ आणि दुसऱ्यासाठी ‘द बुक’ लागेल. जो भेद इंग्रजी उपपदाने दाखविते, तो येथे शब्दक्रमाने साधला आहे.

विभक्तिप्रत्ययही हेच कार्य करतो. ‘शेतकरी बैल शोधत आहे’ म्हणजे त्यास एखादा बैल हवा आहे. ‘शेतकरी बैलाला शोधत आहे’ म्हणजे त्याचा विशिष्ट बैल हरवला आहे. हा भेद शाळेत न गेलेला मराठी भाषकही अचूक पाळतो. शिवाय इंग्रजीतील ‘द’ हे दर्शक सर्वनामापासून आणि ‘ॲन’ हे ‘एक’ या अर्थाच्या संख्यावाचकापासून विकसित झाले आहे. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या’ असे सांगणारी मराठी कथा त्याच वाटेने जाते.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांतील निवडीसाठी तर देवनागरी लिपीच साहाय्यक ठरते. ही निवड अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर होते. ‘अवर’ (तास), ‘युनिव्हर्सिटी’, ‘एम.एल.ए.’ हे शब्द देवनागरीत लिहिताच आरंभी स्वर आहे की व्यंजन, हे स्पष्ट होते.

तुलनेच्या मर्यादा

मातृभाषेचा आधार सर्वत्र पुरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मराठीत ‘एक सल्ला’, ‘एक बातमी’ म्हणता येते. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ व ‘न्यूज’ ही नामे अगणनीय असल्याने त्यांपूर्वी ‘अ’ वा ‘ॲन’ चालत नाही. ‘वाघ मांसाहारी असतो’ या जातिवाचक विधानासाठी इंग्रजीत ‘अ टायगर’, ‘द टायगर’ आणि ‘टायगर्स’ असे तीन पर्याय संभवतात. अशा ठिकाणी स्वतंत्र अध्यापन अपरिहार्य आहे.

निष्कर्ष

मराठी विद्यार्थ्याजवळ निश्चिततेची जाणीव असते. त्याला नसतो तो तिच्या इंग्रजी चिन्हांचा सराव. म्हणून अध्यापनाचा आरंभ यादीने न होता ‘ऐकणाऱ्यास कोणते ते ठाऊक आहे काय?’ या प्रश्नाने व्हावा आणि याद्या त्यानंतर याव्यात. परीक्षेतही सुट्या वाक्याऐवजी तीन-चार वाक्यांचा संदर्भ देऊन निवडीचे कारण विचारले जावे. असे झाल्यास विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीबरोबर त्याच्या आकलनाचेही मूल्यमापन होईल.