शाई, बांबू आणि प्रोसिडिंग बुक

आयोजकांनी विषय दिला, 'डिजिटल काळात फाउंटन पेनाने लिहिणं'. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून यावर काय बोलायचं, असा प्रश्न आम्हाला आधी पडला. मग लक्षात आलं, बोलायला याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

मराठीत या विषयावर जे लिहिलं जातं ते बहुतेक ललित असतं. वडिलांचं पेन, दौत, टिपकागद, खिशावर पडलेला निळा डाग. वाचायला गोड असतं, आम्हीही आवडीने वाचतो. तक्रार एकच आहे. हे लेखन पेन धरणाऱ्या बोटांपाशी थांबतं. कागद कुठून आला आणि लिहिलेल्याचं पुढे काय झालं, हे ते विचारत नाही. आपल्या भागात हे दोन प्रश्न टाळता येत नाहीत.

शाईचं आधी बघू. १९३१ साली मुंबईत दि. प. दांडेकरांनी 'घोडा छाप' शाईची पूड आणि गोळ्या काढल्या, पुढे फाउंटन पेनची 'कॅमल' शाई आली. तीच कंपनी म्हणजे कॅमलिन. ही शाई पाण्यासारखी पातळ असते. निबच्या बारीक चिरेतून ती आपोआप खाली ओढली जाते, म्हणून पेन दाबावं लागत नाही. डॉट पेनची शाई तेलकट, घट्ट. तिथे जोर लावावा लागतो. पण पातळ शाईला कागदही तसाच लागतो. स्वस्त वहीत ती फुटते, अक्षराला मिशा येतात.

आणि कागद? तो इथलाच. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा बल्लारपूरचा कारखाना आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वर्षानुवर्षे जंगलातला बांबू तिकडे गेला, लगदा झाला, कागद झाला. गंमत बघा, वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. जुना बोरूही गवताच्याच कुळातला. पण १९२७च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता! या एका शब्दामुळे बांबूवर वनखात्याची पकड राहिली. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं आणि १९२७च्या कायद्यातली ती व्याख्या २०१७ साली बदलली. शब्द कसा लिहिला जातो, त्यावर बांबू कोणाचा हे ठरत होतं.

म्हणून मेंढा (लेखा) गावाकडे या अंगाने बघायला हवं. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षीच्या नियमदुरुस्तीने हे काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. ज्या बांबूचा कागद होत होता, त्याच बांबूचा परवाना आता गाव कागदावर लिहू लागलं. आमच्या मते हाताने लिहिण्याची अलीकडची मोठी मराठी गोष्ट ही आहे. लिहिताना पेन कुठलं होतं, याने तिथे काही बिघडत नाही.

आता अवघड भाग. हाताने लिहिण्याच्या बाजूने २०१४चा म्युलर आणि ओपेनहायमर यांचा अभ्यास नेहमी सांगितला जातो. लॅपटॉपवर विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवतात. हाताने लिहिणारा मागे पडतो, म्हणून त्याला निवडावं लागतं, आणि त्याला विषय जास्त कळतो. २०१९ साली तो प्रयोग पुन्हा झाला तेव्हा निकाल तितका ठाम आला नाही. पण 'निवडावं लागतं' हे खरंच आहे. विद्यार्थ्याने निवडलं तर नुकसान झालंच तर त्याचं एकट्याचं. ग्रामसभेत निवडणारा चुकला तर?

मेंढ्यात चर्चा गोंडीत होते, निर्णय सर्वसहमतीने होतात. कागद मात्र मराठीत. म्हणजे लिहिणारा एकाच वेळी भाषांतर करतो आणि काटछाटही करतो. एखाद्या बाईने तीन वाक्यांत घेतलेली हरकत 'चर्चा झाली' या दोन शब्दांत विरून जाऊ शकते. वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य लागतात, उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया लागतात. नियमाने त्यांचं बसणं मोजलं; त्यांचं बोलणं वहीत आलं का, हे कोण मोजणार? सुंदर अक्षराचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वळणदार अक्षरातही माणूस गाळता येतो.

मग सगळं मोबाइलवर करा, असं म्हणणारे आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटतं, तेव्हा त्यांनी नेटवर्क शोधून दाखवावं. पण आमचं कारण वेगळं आहे. स्क्रीनवर पुसलेलं समोरच्याला दिसत नाही. वहीत खोडलेलं दिसतं, आणि कोणी, का खोडलं हे विचारता येतं. भांडणाच्या वेळी ती खोडाखोड हाच पुरावा असतो.

आम्ही डिजिटलच्या विरोधात नाही. आमचं म्हणणं साधं आहे. प्रोसिडिंग बुक डॉट पेनाने लिहा, कारण निळी पातळ शाई पहिल्या सरीत वाहून जाते. फाउंटन पेन आपल्या रोजनिशीला ठेवा, त्याचा आनंद खरा आहे. ठराव लिहून झाला की सह्या-अंगठे घेण्याआधी तो गोंडीत मोठ्याने वाचून दाखवा, मागे बसलेल्या बायांना ऐकू जाईल असा. त्या 'हो, असंच म्हटलं होतं' म्हणाल्या की पानाचा फोटो काढा आणि चार मोबाइलवर पाठवा.

वाचून दाखवायला दहा मिनिटं जास्त लागतात. तेवढी द्या.