एक मजकूर, तीन वाचक

चवदार तळ्यावर एक छोटी पुस्तिका करायची, असे महाडमधील काही शिक्षकांनी ठरवले. पाचवीसाठी एक प्रत, नववी-दहावीसाठी दुसरी आणि शिक्षकांसाठी टिपणांसह तिसरी. पहिल्या मसुद्यापासूनच तीन वेगळ्या फायली तयार झाल्या आणि जे व्हायचे ते झाले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ चा. एका प्रतीत त्याऐवजी मुंबई विधिमंडळातील बोले ठरावाचे १९२३ हे साल पडले होते. चूक शिक्षकांच्या प्रतीत दुरुस्त झाली, पाचवीच्या प्रतीत तशीच राहिली. आमच्याकडे विचारणा आली तेव्हा आम्ही ‘युनिफडेफ’ हे साधन सुचवले. वर्षभर ते वापरून झाल्यावर त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा आम्हाला अधिकार आहे, असे वाटते.

हे साधन तसे जुने. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या बर्कली युनिक्समधले. मूळ लेखक डेव्ह योस्ट. पुढे टोनी फिंच यांनी ते नव्याने लिहिले. त्याला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, की काम झाले. मजकुराची मूळ फाईल एकच ठेवायची. जो भाग ठराविक वाचकांसाठी आहे त्याच्या वर एक खुणेची ओळ आणि खाली समाप्तीची ओळ घालायची. मग आज्ञा देताना ‘शिक्षक ही खूण नाही असे समज’ असे सांगितले, की तेवढा भाग वगळून उरलेली प्रत बाहेर पडते. मूळ फाईलला धक्का लागत नाही. लिनक्सच्या गाभ्यातील हेडर फायली बाहेरच्या प्रोग्रॅमरांना देताना, केवळ गाभ्यापुरते असलेले भाग याच साधनाने कापले जात आले आहेत. म्हणजे खेळणे नव्हे.

गुण प्रथम सांगू. साल एकदा दुरुस्त केले की तिन्ही प्रतींत दुरुस्त होते. वगळलेला मजकूर खरोखरच वगळला जातो, झाकला जात नाही. हा फरक लहान नाही. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदातील काही ओळींवर काळे पट्टे मारले होते. पट्ट्याखालचा मजकूर कोणीही उचलून दुसरीकडे चिकटवू शकत होता. युनिफडेफच्या प्रतीत खाली काही उरतच नाही. देवनागरी मजकूरही सुखरूप जातो. मात्र हे साधन मुळात सी भाषेसाठी असल्याने मजकुरातली अवतरणचिन्हे त्याला गोंधळात टाकतात. ‘हा साधा मजकूर आहे’ असे सांगणारी कळ आहे, ती विसरू नये. खुणेचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते. ते सोसावे.

आमची खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती पाचवीच्या वर्गात उभी राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची अफवा उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हा सारा भाग ‘लहानांना नको’ म्हणून खुणेत घातला गेला. साधनाने तो कापला आणि वरची ओळ खालच्या ओळीला बेमालूम जोडून दिली. पाचवीच्या प्रतीत लोक पाणी प्याले आणि लगेच १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला! एका मुलीने विचारले, “तळे आधीच खुले होते ना? मग कोर्टात कोण गेले, आणि कोणावर?”

प्रश्न बिनतोड होता. तिला भोक दिसले. आम्हा मोठ्यांना ते दिसले नव्हते, कारण आम्हाला मधला मजकूर पाठ होता.

मजकूर वाचकागणिक कमी-जास्त करण्यात गैर काही नाही. आपण शिक्षक रोज तेच करतो. पण कमी केल्याचे सांगणे हा वेगळा मुद्दा आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा याबाबत फार शहाणा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे कागदाचा काही भाग वगळून उरलेला देता येतो. पण तसे करताना हा पूर्ण कागद नव्हे, असे अर्जदाराला कळवावे लागते, कारण द्यावे लागते, आणि निर्णय कोणाचा, त्याचे नाव व हुद्दाही सांगावा लागतो. पाचवीतल्या मुलीचा हक्क अर्जदारापेक्षा कमी का असावा?

युनिफडेफमध्ये यावर अर्धा उपाय आहे. एक कळ दिली की कापलेल्या ओळींच्या जागी तेवढ्याच कोऱ्या ओळी राहतात. हेतू असा, की कापलेल्या प्रतीतील ओळींचे क्रमांक मूळ फाईलशी जुळावेत. पण कोरी जागा बोलत नाही. कारण लिहायचे तर ते आपणच, ‘अन्यथा’च्या खुणेखाली, प्रत्येक ठिकाणी लिहावे लागते. साधन त्याची आठवणही करून देत नाही.

नावांच्या बाबतीत तर युनिफडेफ काहीच करत नाही. शिक्षकांच्या प्रतीत गावातील वृद्धांनी घरात ऐकलेल्या आठवणी होत्या. त्यांत मारणाऱ्यांचीही नावे होती, मार खाणाऱ्यांचीही. सगळी गाळावीत असे ठरले आणि त्यासाठी ‘सेड’ हे दुसरे साधन घेतले. दिलेला शब्द शोधून त्याजागी फुल्या घालणारे. आधी चाचणी म्हणून पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असलेली नावे दिली. ‘टिपणीस’ गेले, पण ‘टिपणिसांनी’ तसेच राहिले. मराठी नाम प्रत्यय लागताच रूप बदलते, हे इंग्रजीच्या सवयीने घडलेल्या साधनाला कसे कळावे? अनंतराव चित्रे यांचे आडनाव दिले, तर प्रदर्शनातील सगळी ‘चित्रे’ फुल्यांत गेली. ‘पायऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना एकच सापडतो. नववीच्या वर्गाला सामान्यरूप शिकवायला मात्र याहून चांगले उदाहरण नाही.

हे दोष खटपटीने दूर होतात. पुढचा होत नाही. फुल्यांची प्रत वाचून एका आजींनी विचारले, “माझ्या सासऱ्यांचे नाव का गाळले? त्यांनी मार खाल्ला, चोरी केली नाही.” मारणाऱ्याचे नाव त्याच्या पणतवंडांना शाळेत त्रास होऊ नये म्हणून गाळले, हे समजण्यासारखे आहे. मार खाणाऱ्याचे नाव आम्ही केवळ यादी एकच होती म्हणून गाळले. ज्यांना तळ्यावरून हाकलले त्यांना पुस्तिकेतूनही बाहेर काढले, आणि तेही न विचारता. यादी आम्हीच केली होती. सेडने सांगितले तेवढेच केले.

आता यादीत नाव घालण्यापूर्वी घरी जाऊन विचारले जाते. पाचवीच्या प्रतीत त्या जागी ओळ छापलेली आहे: ‘येथे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगितले आहे; सविस्तर हकीकत नववीच्या प्रतीत आहे.’ खाली तीन सोपी वाक्ये आहेत, ज्यांत मारहाणही आली आणि ठराव मागे घेणेही आले. युनिफडेफची आणखी एक कळ आम्हाला उशिरा सापडली, आणि शिक्षकांना आम्ही तीच सर्वांत आधी शिकवू: उलटी प्रत देणारी. एरवी जे वगळले जाते तेच तेवढे ती बाहेर काढते. दर आवृत्तीला ती प्रत छापून, जिने वा ज्याने खुणा घातल्या नाहीत अशा शिक्षकाकडे वाचायला दिली जाते. गेल्या वेळी ती दीड पानाची भरली, आणि त्यातल्या शुद्धीकरणाच्या परिच्छेदावर दोन बाईंचे अजून एकमत झालेले नाही.