रोझा बोनरची चित्रशाळा

कलावंताचे घर जतन केले की एक धोका संभवतो : घर मोठे होते आणि कला मागे पडते. पॅरिसपासून फार दूर नसलेल्या, फाँतेनब्लोच्या अरण्यालगतच्या तोमेरी येथील रोझा बोनर (१८२२-१८९९) या चित्रकर्तीचे घर पाहताना आम्हांस हा धोका प्रकर्षाने जाणवला.

हे घर तिने १८५९ साली स्वतःच्या कमाईतून विकत घेतले, तेथे प्रशस्त चित्रशाळा बांधली आणि अखेरपर्यंत तेथेच काम केले. तिने सिंह पाळले, पुरुषी वेषासाठी पोलिसांचा परवाना घेतला, बफेलो बिलचे चित्र रंगविले. १८६५ साली सम्राज्ञी युजेनीने स्वतः घरी येऊन तिला 'लीजन ऑफ ऑनर' दिले; हा सन्मान मिळविणारी ती पहिली स्त्री चित्रकार. पाहुणे या कथांतच रमतात.

चित्रशाळेचे मोल मात्र निराळे आहे. पेंढा भरलेली जनावरांची मस्तके, रंगसाहित्य, कामाचा अंगरखा ही शोभा नव्हे. ती अभ्यासाची साधने होत. सुमारे पाच मीटर रुंदीच्या 'घोडेबाजार' या चित्रासाठी ती दीड वर्ष आठवड्यातून दोनदा बाजारात जाऊन रेखाटने करीत असे. तेथे पुरुषी वेष घेतला तो कोणाच्या नजरेत न येता काम करता यावे म्हणून. वेषाची कथा सांगून कामाची सांगितली नाही, तर चित्रकर्तीवर अन्याय होतो.

उणीव एवढीच की तिचे मुख्य काम येथे नाही. १९०० सालच्या लिलावात दोन हजारांवर चित्रे व रेखाटने विखुरली. 'घोडेबाजार' न्यूयॉर्कला आहे, 'निवर्नेतील नांगरणी' पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. शक्य असल्यास ते चित्र आधी पाहावे आणि मग या घरी यावे. बैलांच्या खांद्यांवरील ताण कोठून आला, हे येथील साधने पाहून उमगते.

वारसदार अ‍ॅना क्लुम्पके हिने ही चित्रशाळा जपली, म्हणून आज एका स्त्रीच्या कष्टांचा पुरावा उभा आहे. आपल्या जुन्या घराण्यांत पगड्या, तलवारी आणि सनदा जपल्या गेल्या. आजी-पणजींच्या हातची हत्यारे, नमुने, वह्या बहुधा नाहीत. जे उरले असेल ते आतातरी माळ्यावरून खाली काढावे.