कुलूप नेमके कुठे उघडते

स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांच्या ‘द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एक चिमुकला वेब सर्व्हर आहे. ७८७८ या पोर्टवर तो बसतो, येणाऱ्याला हॅलो म्हणतो, आणि ‘स्लीप’ या पत्त्यावर कुणी आले की मुद्दाम ५ सेकंद झोपतो. थ्रेड एकच, त्यामुळे त्या ५ सेकंदांत दुसरे कुणी आले तर तेही बिचारे ताटकळते. यावर उतारा म्हणून ४ थ्रेडचा पूल बांधला जातो. एरवी असा कोड आपण उचलून वापरण्यापुरता वाचतो. आज तो जरा सावकाश, चवीने वाचू.

पहिली गंमत अशी की हा पूल आधी वापरला जातो आणि मग घडवला जातो. मुख्य फंक्शनमध्ये जणू तो तयारच आहे अशा थाटात त्याला कामे सोपवली जातात, आणि मग कंपायलरच्या एकेका तक्रारीला उत्तर देत देत त्याचे अवयव आकाराला येतात: कामे वाहून नेणारे एक चॅनेल, त्याच्या दुसऱ्या टोकाशी उभे असलेले ४ वर्कर, आणि ते टोक चौघांत मिळून एकच असल्यामुळे त्याला लावलेले म्यूटेक्सचे कुलूप. एवढाच संसार.

पण खरा रस आहे तो वर्करच्या लूपमधल्या एका ओळीत. ती ओळ म्हणते: कुलूप घे, काम येईपर्यंत थांब, आलेले काम ‘जॉब’ या नावात ठेव. काम चालवायचे ते पुढच्या ओळीत. वरवर पाहता या दोन ओळी वेगळ्या कशाला, असे कुणालाही वाटेल. अनुभवी हात तर त्या ‘व्हाइल लेट’च्या एकाच सुबक वाक्यात ओवून टाकील, आणि कंपायलर त्याला हूं की चूं करणार नाही. मात्र रस्टमध्ये ‘लेट’च्या विधानात जन्मलेली तात्पुरती मूल्ये अर्धविरामाशी संपतात, तर ‘व्हाइल लेट’मधली तशी मूल्ये महिरपी कंसाच्या अखेरपर्यंत जगतात, आणि कुलूप हातात असल्याची खूण हे असेच एक तात्पुरते, निनावी मूल्य आहे. पहिल्या रचनेत काम हाती पडताक्षणी कुलूप सुटते, दुसरा वर्कर पुढे सरकतो. दुसऱ्या रचनेत कुलूप काम संपेपर्यंत मुठीत राहते. म्हणजे चाळीतल्या नळावर हंडा भरून झाला, तरी त्या पाण्यावर घरचा स्वयंपाक होईपर्यंत नळ अडवून ठेवायचा! उत्तरे अचूक येतात, प्रोग्रॅम नीट चालतो, फक्त ४ थ्रेड असूनही काम एका वेळी एकच होते. एका अर्धविरामाला इतके वजन पेलताना पाहिले की आपल्याला व्याकरणाविषयी नव्याने आदर वाटू लागतो.

त्याच अर्धविरामाची आणखी एक करामत आहे, आणि ती मला जास्त लोभस वाटते. समजा एखादे काम मध्येच कोसळले. कुलूप हातात असताना थ्रेड पॅनिक झाला, तर रस्ट ते कुलूप दूषित ठरवते. मग ते मागणारा प्रत्येक वर्कर त्याच ओळीतल्या ‘अनरॅप’शी अडखळून पडतो. इथे मात्र काम सुरू होण्याआधीच कुलूप सुटलेले असते, म्हणून पडतो तो एकटा वर्कर, आणि उरलेले तिघे पुढची कामे घेत राहतात. पडलेल्याच्या जागी नवा उभा करण्याची सोय या पूलमध्ये नाही. शिकवण्यासाठी लिहिलेल्या कोडकडून ती मागूही नये.

आवरते घेण्याची रीतही तशीच देखणी. पूल नष्ट होताना आधी चॅनेलचे पाठवण्याचे टोक टाकून दिले जाते आणि मग एकेका वर्करची वाट पाहिली जाते. टोक गेले तरी रांगेत आधीच आलेली कामे हरवत नाहीत. ती संपल्यावरच वर्करला ‘आता काही येणार नाही’ असे कळते आणि तो लूपमधून बाहेर पडतो. या दोन पावलांचा क्रम उलटला, तर मुख्य थ्रेड वर्करची वाट पाहील, वर्कर कामाची, आणि ते पाहणे कधी संपणारच नाही.

पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत हेच काम निरोपाने होई: एका लूपमध्ये जितके वर्कर तितके ‘थांबा’चे निरोप, आणि दुसऱ्या लूपमध्ये वाट पाहणे. नवी रीत अधिक निर्मळ खरी, तरी त्या दोन लूपची ओढ मला अजून आहे. ते एकत्र केले असते तर पहिल्या वर्करसाठी सोडलेला निरोप एखादे वेळी भलत्यानेच उचलला असता, आणि मुख्य थ्रेड पहिल्याच्या दारात खिळून राहिला असता. कारण सामाईक रांगेत टाकलेल्या निरोपावर कुणाचे नाव लिहिता येत नाही.