नळ मोजला, पाणी राहिलं: नीती आयोगाचा एसडीजी निर्देशांक वाचताना

पाण्यावर पीएचडी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या प्रबंधात पहिल्याच पानावर एक वाक्य ठरलेलं असतं: 'शाश्वत विकास ध्येय ६ च्या पूर्ततेच्या दृष्टीने प्रस्तुत संशोधन महत्त्वाचे आहे.' मीही ते लिहिलं होतं. माझं काम विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे, त्यामुळे वाक्य चुकीचं वाटायचं काही कारण नव्हतं. गाइडनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहून कागद परत दिला: 'कोणता निर्देशक?'

मग मी शोधायला बसले. आपल्याकडे हे ध्येय ज्या निर्देशांकातून सगळ्यांसमोर येतं, त्यात माझ्या नायट्रेटला कुठेच जागा नव्हती. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ शाश्वत विकास ध्येयं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं मान्य केली, मुदत २०३०. ध्येय म्हणजे मोठं वाक्य, लक्ष्य म्हणजे त्यातला एक तुकडा, आणि निर्देशक म्हणजे तो तुकडा प्रत्यक्षात मोजायची पट्टी. ध्येयं सगळ्या जगाची एकच असली तरी प्रत्येक देशाने आपापल्या परिस्थितीनुसार राष्ट्रीय लक्ष्यं ठरवावीत, अशी मुभा मूळ ठरावातच आहे. भारतात देखरेखीचं काम नीती आयोगाकडे आणि राष्ट्रीय निर्देशकांची चौकट सांख्यिकी मंत्रालयाकडे. नीती आयोग या माहितीतून राज्यांचा 'एसडीजी इंडिया इंडेक्स' काढतो. आतापर्यंतच्या चार आवृत्त्यांत देशाचे एकूण गुण असे: २०१८ मध्ये ५७, २०१९-२० मध्ये ६०, २०२०-२१ मध्ये ६६, २०२३-२४ मध्ये ७१. बातम्यांमध्ये येतो तो हाच आकडा, आणि 'आपलं राज्य कितवं' हा प्रश्न.

पाण्याच्या ध्येयाचे देशाचे गुण याच क्रमाने ६३, ८८, ८३ आणि ८९. शंभरातले ८९! ज्या गावांत मी नमुने घ्यायला जाते तिथल्या लोकांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे कसे बघतील याची मला कल्पना आहे.

पण आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. तो कशाचा आहे, ते बघू या. मी २०२०-२१ ची तिसरी आवृत्ती घेतली. तिच्यात ध्येय ६ खाली आठ निर्देशक आहेत. ग्रामीण भागात घरापर्यंत नळाने पाणी, ग्रामीण भागात 'सुधारित' पेयजल स्रोत, उद्दिष्टाच्या तुलनेत बांधलेली घरगुती शौचालयं, हागणदारीमुक्त म्हणून पडताळलेले जिल्हे, मुलींसाठी स्वतंत्र शौचालय असलेल्या शाळा, सांडपाण्याचे नियम पाळणारे उद्योग, उपलब्धतेच्या तुलनेत भूजलाचा उपसा, आणि अतिशोषित तालुक्यांचं प्रमाण. आठपैकी तीन शौचालयांचे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

'सुधारित स्रोत' हा शब्द ऐकायला फार छान वाटतो. त्याचा अर्थ स्रोताच्या बांधणीवरून ठरतो. नळ, हातपंप, बोअरवेल, कठडा आणि झाकण असलेली विहीर, हे सगळे सुधारित. बाहेरची घाण सहज आत जाणार नाही अशी रचना असली की झालं. पाण्याची चाचणी केली का, हा प्रश्न त्या व्याख्येत येतच नाही. तिसऱ्या आवृत्तीत या निर्देशकावर देशाचा आकडा आहे ९७.४४ टक्के.

आता नायट्रेटकडे बघा. खतांतून, शेणखताच्या ढिगांतून, शोषखड्ड्यांतून ते जमिनीत मुरतं आणि भूजलात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. क्लोरीन टाकून ते जात नाही, आणि पाणी उकळलं तर वाफ होऊन पाणीच कमी होतं, म्हणजे नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. (हे मी गावात दर वेळी सांगते, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, 'पण मॅडम, आम्ही उकळूनच पितो.') बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळांना धोका सर्वांत जास्त, कारण त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता त्याने कमी होते. भारतीय मानकानुसार मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशभरातल्या १९.८ टक्के नमुन्यांत ती ओलांडलेली होती. महाराष्ट्रात ३५.७४ टक्के नमुन्यांत. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव ही नावं त्या अहवालात ठळक आहेत. यातली कुठलीही बोअरवेल निर्देशांकाच्या हिशेबात 'सुधारित' म्हणून पूर्ण गुण घेऊ शकते.

जागतिक निर्देशक इथे वेगळा आहे. ६.१.१ विचारतो की किती लोकांना सुरक्षितपणे व्यवस्थापित पाणी मिळतं. म्हणजे स्रोत सुधारित हवा, घराच्या आवारात हवा, गरजेच्या वेळी पाणी हवं, आणि ते मलजन्य जंतू व प्रमुख रसायनांपासून मुक्त हवं. चार अटींपैकी शेवटची अट आपल्या यादीत हरवली. खरं सांगायचं तर जागतिक निर्देशकातही प्रमुख रसायनं म्हणजे फ्लोराइड आणि आर्सेनिक, नायट्रेट नाहीच. म्हणजे माझ्या प्रबंधाचं वाक्य तिथेही लंगडंच पडतं. पण तिथे निदान पाणी प्रयोगशाळेत न्यावं लागतं.

शौचालयांचंही असंच झालंय. 'उद्दिष्टाच्या तुलनेत बांधकाम' या निर्देशकाचं उत्तर उद्दिष्ट पूर्ण झालं की १०० टक्के येणारच, आणि तिसऱ्या आवृत्तीत ते १०० च आहे. साधारण त्याच काळातलं, २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की १९ टक्के कुटुंबं कुठलंच शौचालय वापरत नव्हती. दोन्ही आकडे सरकारीच. एकात बांधकाम मोजलंय, दुसऱ्यात घरातल्या माणसांना विचारलंय. ध्येयाचं वाक्य बांधकामाबद्दल आहे की माणसांबद्दल, हे ज्याचं त्याने वाचावं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते सांडपाण्याचं प्रकरण. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत ध्येय ६ खाली शहरी सांडपाणी प्रक्रियेची क्षमता हा निर्देशक होता, आणि देशाचा आकडा होता ३७.५८ टक्के. तिसऱ्या आवृत्तीत तो ध्येय ६ मध्ये नाही. तो काढून टाकलेला नाही, ध्येय ११ मध्ये, म्हणजे शहरांच्या खात्यात नेला आहे. तर्क समजू शकतो, सांडपाणी महापालिकेचं काम. पण परिणाम असा की ज्या नदीत ते सांडपाणी जातं तिचं ओझं पाण्याच्या गुणांवरून उतरलं. शिवाय 'क्षमता' हीसुद्धा फसवी गोष्ट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, बसवलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवर. म्हणजे क्षमता ४४ टक्के, काम २८ टक्के.

गोव्याचं उदाहरण घ्या. तिसऱ्या आवृत्तीत ध्येय ६ मध्ये राज्यांत गोवा पहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळ देणारं पहिलं राज्यही गोवाच, आणि ते काम खरंच मोठं आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात एवढ्याशा गोव्यात ११ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यात खारेबांध ते मोबोर हा साळ नदीचा पट्टाही आहे. महाराष्ट्रात त्याच अहवालात ५३, देशात सर्वाधिक. नद्यांचं पाणी चांगलं आहे का, हा जागतिक यादीत स्वतंत्र निर्देशक आहे, ६.३.२. आपल्या आठांत नदी येते ती फक्त 'नियम पाळणारे उद्योग' या आडवाटेने.

आता थोडं गणित, घाबरू नका. प्रत्येक निर्देशकात सर्वांत मागे असलेल्या राज्याला शून्य आणि लक्ष्य गाठलं तर शंभर, अशी पट्टी लावतात. समजा मागचं राज्य ४० टक्क्यांवर आहे, लक्ष्य १०० आहे आणि तुमचं राज्य ७० वर, तर तुम्हाला ५० गुण. मग सगळ्या निर्देशकांची साधी सरासरी, वजन सारखंच. इथे एक कल्पना करून बघा. एखाद्या राज्याला भूजलाच्या दोन्ही निर्देशकांत शून्य मिळालं आणि उरलेल्या सहांत पैकीच्या पैकी. सरासरी येते ७५. अहवालाच्या वर्गवारीत ६५ ते ९९ म्हणजे 'फ्रंट रनर'. ज्या राज्याखालचं पाणी संपत चाललंय ते पाण्याच्या ध्येयात आघाडीवर! पंजाबमध्ये २०१७ च्या मोजणीनुसार वर्षाला जेवढं भूजल उपसता येईल त्याच्या १६६ टक्के उपसा होत होता. देशाची सरासरी तेव्हा ६३.३३ टक्के, दिसायला सुरक्षित. पण ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात शिल्लक असलेलं भूजल संगरूरच्या पंपाला लागत नाही.

आणि आवृत्त्यांची तुलना? निर्देशकांची एकूण संख्या ६२ वरून १००, मग ११५, मग ११३ झाली. ध्येय ६ चे ८८ चे ८३ झाले तेव्हा देशातलं पाणी पाच गुणांनी बिघडलं नव्हतं, आणि ८९ झाले तेव्हा सहा गुणांनी सुधारलं असंही नाही. दर वेळी पेपर वेगळा होता.

नीती आयोगाची बाजूही आहे. प्रत्येक राज्यासाठी, ठरावीक काळाने मिळणारी माहितीच घेता येते. नळजोडणीची माहिती रोज अद्ययावत होते, नदीच्या पाण्याची तशी होत नाही. पद्धत त्यांनी लपवलेली नाही, म्हणून तर मला हे लिहिता आलं. शिवाय या क्रमवारीमुळे राज्यांच्या नियोजन विभागांत एसडीजीचं टेबल तरी लागलं. मान्य. पण जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासणीची तरतूद आहे आणि चाचण्यांची नोंदही ठेवली जाते. नमुने कुठून घेतले, किती वेळा घेतले याबद्दल माझे स्वतःचे बरेच आक्षेप आहेत, तरी नवव्या निर्देशकासाठी ती सुरुवात पुरेशी होती. तो आला तर ८९ खाली येईल, एवढंच.

प्रबंधातलं ते वाक्य मी काढलं. त्या जागी आता असं आहे: 'भारताच्या एसडीजी निर्देशांकाच्या २०२०-२१ च्या आवृत्तीत ध्येय ६ खालील आठपैकी एकाही निर्देशकात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट मोजले जात नाही.' गाइडनी या वेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त 'पिण्याच्या' मधल्या वेलांटीची चूक दुरुस्त करून दिली.