‘शुरा’ : सुडाचा अपुरा हिशेब

जपानी दिग्दर्शक तोशिओ मात्सुमोतो यांचा ‘शुरा’ हा १९७१ सालचा कृष्णधवल चित्रपट कुटुंबासमवेत बसून पाहण्याजोगा नाही, हे प्रारंभीच सांगून टाकणे आम्हांस इष्ट वाटते. त्यात रक्तपात आहे, तान्ह्या मुलाची हत्या आहे, आणि दोन तासांहून अधिक काळ चालणाऱ्या या कथेत प्रेक्षकाला विसावा असा मिळतच नाही. तरीही या चित्रपटाविषयी आमच्या वाचकांशी चार शब्द बोलावेसे वाटतात. सूड या विषयाला कोणतेही गोंडस वस्त्र न चढवता त्याकडे इतक्या निर्भयपणे पाहणारी कलाकृती आमच्या पाहण्यात क्वचितच आली आहे.

आपल्या वाचकांना जपान मुख्यतः दोन वाटांनी ठाऊक आहे. एक वाट वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मरण पत्करलेल्या सव्वीस रक्तसाक्ष्यांपैकी ते एक. दुसरी वाट आकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’सारख्या चित्रपटांची. त्यात तलवार अखेरीस दुर्बलांच्या रक्षणासाठी उपसली जाते. ‘शुरा’मधील जपान या दोहोंहून निराळा आहे. येथे सामुराई आहे, तलवारही आहे. पण ती ज्यासाठी उपसावी असे काही त्याच्याजवळ उरलेले नाही.

चित्रपटाचे नाव मराठी माणसाला परके वाटू नये. ‘शुरा’ हा शब्द ‘आशुरा’ याचे संक्षिप्त रूप असून त्याचे मूळ आपला संस्कृत ‘असुर’ शब्द आहे. बौद्ध विचारात जीवाच्या ज्या सहा गती मानल्या आहेत त्यांपैकी एक असुरांची. मत्सर आणि क्रोध यांनी पेटलेले जीव तेथे अखंड लढत राहतात, आणि त्या युद्धाला शेवट नसतो. मात्सुमोतो यांनी ही गती परलोकात दाखविलेली नाही. एदो शहरातील एका भाड्याच्या घरात, कर्ज, दारू आणि स्त्रीचा मोह यांच्या गराड्यात त्यांनी ती दाखविली आहे.

कथेचा धागा समजण्यासाठी जपानच्या इतिहासातील एक प्रसिद्ध घटना ध्यानात घ्यावी लागते. १७०१ साली आसानो नावाच्या सरदाराने शोगुनच्या एदो येथील किल्ल्यात किरा नावाच्या अधिकाऱ्यावर शस्त्र उगारले. त्याला त्याच दिवशी आत्महत्येची शिक्षा झाली आणि त्याचे सामुराई धनीविहीन, म्हणजे ‘रोनिन’, झाले. त्यांच्यापैकी सत्तेचाळीस जणांनी दीर्घकाळ संधीची वाट पाहून १७०३ च्या प्रारंभी किरा याचा वध केला. मग सरकारी आज्ञेनुसार त्यांच्यापैकी सेहेचाळीस जणांनीही आपली पोटे चिरून घेतली. स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणून ही कथा जपानने पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिच्यावर नाटके झाली, चित्रपट झाले; टोकियोतील सेन्गाकुजी मंदिरात त्यांच्या समाधींपुढे आजही लोक उदबत्त्या लावतात.

या उदात्त सूडकथेच्या सावलीत दुसरी एक कथा रचण्याचे धाडस त्सुरुया नानबोकु या काबुकी नाटककाराने १८२५ साली केले. ‘कामिकाकेते सान्गो ताइसेत्सु’ हे त्याचे नाटक मात्सुमोतो यांच्या चित्रपटाचा आधार आहे. त्याचा नायक गेन्गोबेई हाही आसानोचाच माणूस. त्याने सूडवीरांच्या पथकात सामील व्हावे म्हणून त्याचा वृद्ध सेवक हाचिएमोन काबाडकष्ट करून १०० ऱ्यो उभे करतो आणि धन्याच्या हाती ठेवतो. धन्याचे मन मात्र कोमान नावाच्या गणिकेत गुंतलेले आहे. दुसरा कोणी तिला विकत घेणार असे भासवून ते १०० ऱ्यो त्याच्याकडून काढले जातात. पैसे हातचे जाताच सान्गोरो हा तिचा खरा नवरा पुढे येतो आणि सारे कारस्थान उघड होते. गेन्गोबेईच्या तोंडावर हशा पिकतो.

त्या रात्री तो परत येतो आणि घरातील माणसांना कापून काढतो. कोमान व सान्गोरो निसटतात. हाचिएमोन धन्याचा गुन्हा स्वतःच्या माथी घेतो. पण गेन्गोबेईची तहान भागलेली नसते. तो कोमानला पुन्हा शोधून काढतो, आणि तिचे मूल तिच्याच हातात धरविलेल्या तलवारीने मारवितो. या प्रसंगाचे अधिक वर्णन आम्ही करीत नाही.

एवढेच असते तर हा चित्रपट एक भयकथा म्हणून सोडून देता आला असता. त्याची खरी शक्ती मांडणीत आहे. प्रारंभी पडद्यावर लालभडक सूर्य मावळतो. चित्रपटातील रंग तेवढाच. त्यानंतर सर्वत्र काळोख आणि त्यात कंदिलांचा क्षीण प्रकाश. पाठलाग करणाऱ्या कंदिलांपासून गेन्गोबेई पळतो आहे, त्याच्या पुढ्यात प्रेते आहेत, आणि तो दचकून जागा होतो. ते स्वप्न होते. येथून पुढे दिग्दर्शक आपणांस वारंवार असाच चकवा देतो. एखादा प्रसंग आपण घडताना पाहतो, आणि मग कळते की तो केवळ गेन्गोबेईच्या मनात घडला. तोच प्रसंग पुन्हा आरंभापासून सुरू होतो व निराळ्या दिशेने जातो. काही हालचाली तर लागोपाठ दोन-तीनदा दाखविल्या जातात, जणू मन त्या क्षणाला सोडायला तयार नाही.

काही समीक्षकांना यात केवळ प्रयोगशीलतेचा हव्यास दिसेल. मात्सुमोतो हे माहितीपट व प्रायोगिक लघुपटांच्या वाटेने आलेले दिग्दर्शक, आणि ‘आर्ट थिएटर गिल्ड’ ही संस्था अल्प खर्चात धाडसी चित्रपट काढण्यासाठी ओळखली जाई; तेव्हा असा संशय येणे स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र हे तंत्र विषयाच्या गाभ्यातूनच उमललेले वाटते. अपमान झालेला मनुष्य एकांतात काय करतो? तो तोच प्रसंग पुनःपुन्हा आठवतो. आपण असे बोलायला हवे होते, असा हात उगारायला हवा होता, असे म्हणत तो त्या प्रसंगात दर वेळी नवी भर घालतो. प्रत्यक्ष कृती होण्याआधी सूड मनात कितीतरी वेळा घेऊन झालेला असतो, आणि प्रत्येक वेळी हात थोडा अधिक सरावतो. ‘शुरा’च्या रचनेत ही सवय जशीच्या तशी उतरली आहे.

या पुनरावृत्तीचा आणखी एक परिणाम होतो. प्रसंग मनातला होता हे कळले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. अजून काही बिघडलेले नाही, अजून परत फिरता येईल. चित्रपट आपल्या मनात ही आशा रुजवितो. म्हणूनच कत्तलीच्या रात्री आपण गेन्गोबेई जागा होण्याची वाट पाहत राहतो. या वेळी तो जागा होत नाही. ते ओळखण्यास आपल्याला जो विलंब लागतो, त्या विलंबात चित्रपटाची सारी भीषणता साठली आहे.

हिंसेच्या चित्रणाबाबत एक तुलना उद्‌बोधक ठरेल. केन्जी मिझोगुची यांनी १९४१-४२ मध्ये सत्तेचाळीस रोनिनांवर दोन भागांचा भव्य चित्रपट काढला. त्यात किराच्या वाड्यावरचा प्रत्यक्ष हल्ला त्यांनी दाखविलाच नाही. निष्ठा, विचारविनिमय आणि मरणाची तयारी हे सारे पडद्यावर आहे. रक्त तेवढे पडद्याआड आहे. मात्सुमोतो यांनी नेमके उलट केले. निष्ठेचा सूड त्यांनी पडद्याबाहेर ठेवला आणि खासगी सूड, त्याच्या आक्रोशासह व चिखलासह, आपल्या पुढ्यात मांडला. दोन्ही चित्रपट मनात शेजारी ठेवले की एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या सुडाला समाज उदबत्त्या लावतो आणि ज्या सुडाला फाशी देतो, त्या दोहोंत तलवारीखाली सापडलेल्या देहाला कोणता फरक जाणवतो? दिग्दर्शक उत्तर देत नाही. पण हा प्रश्न त्याने विचारला आहे, यात आम्हांस शंका नाही.

आता त्या १०० ऱ्योंकडे वळू. सान्गोरोने हे पैसे चैनीसाठी लुबाडलेले नसतात. बापाची मर्जी गमावलेला हा मुलगा बापाच्या जुन्या मालकाला द्यावयाची रक्कम उभी करून त्याची क्षमा मिळवू पाहत असतो. तो मालक म्हणजे दुसरा कोणी नसून गेन्गोबेईच! जे पैसे त्याच्याकडून फसवून घेतले गेले, ते फिरून त्याच्याच कार्यासाठी त्याच्याकडे येणार होते. हे उलगडते तेव्हा कोमान मेलेली असते, मूल मेलेले असते, आणि सान्गोरो स्वतःच्या हाताने आपला जीव घेतो.

योगायोगाची ही गुंफण काबुकी रंगभूमीच्या प्रेक्षकाला परिचित होती. आधुनिक प्रेक्षकाला ती कृत्रिम वाटण्याचा संभव आहे. तथापि तिच्यातील अर्थ मुळीच कृत्रिम नाही. सूड घेणारा स्वतःला हिशेब चुकता करणारा समजतो. परंतु वहीची सगळी पाने त्याने पाहिलेली नसतात. समोरच्याने असे का केले, कोणत्या गरजेने केले, कोणासाठी केले, यांपैकी काहीही गेन्गोबेईला ठाऊक नव्हते. आणि ते विचारण्याइतका धीर त्याने धरला नाही. आपल्या गावांतूनही भाऊबंदकीचे वाद कुंपणाच्या हातभर जागेवरून पिढी-दोन पिढ्या चालतात. मूळ कारण विसरले जाते, वैर मात्र वारशाने मिळते. तेथे तलवारी चालत नाहीत, हे खरे. पण अर्धा हिशेब पाहून पुरती वसुली करण्याची वृत्ती तीच असते.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नव्हे. कोमान ही व्यक्तिरेखा आम्हांस अपुरी वाटली. ती फसविणारी आहे, पत्नी आहे, आई आहे. पण तिचे स्वतःचे मन आपणांस क्वचितच दिसते. मूळ नाटकात तिच्या दंडावर गोंदलेली प्रेमाची शपथ आहे, आणि त्या अक्षरांत भर घालून सान्गोरो ती स्वतःच्या नावाची करून घेतो. नाटकाचे नावच त्या अक्षरांवरून आले आहे. स्त्रीचा देह म्हणजे दोन पुरुषांनी लिहावयाचा कागद, हे दारुण सत्य त्यात आहे. चित्रपटाने त्याचा आणखी शोध घ्यावयास हवा होता. शिवाय अखंड काळोखामुळे उत्तरार्धात मन बधिर होते, आणि बधिर झालेल्या मनाला क्रौर्याची सवय लागण्याचा धोका असतो. यासुको सान्जो व जुरो कारा यांचा अभिनय प्रभावी असला, तरी चित्रपट पेलून धरला आहे तो कात्सुओ नाकामुरा यांनी. काबुकी घराण्यातून आलेल्या या नटाने गेन्गोबेईचा चेहरा हळूहळू रिकामा होत जाताना दाखविला आहे. क्रोधाने लाल झालेल्या चेहऱ्यापेक्षा तो रिकामा चेहरा अधिक भय घालतो.

या सर्व पात्रांत एक हाचिएमोन निराळा आहे. त्याचीही फसवणूक झालेली आहे. त्याचे श्रम वाया गेले आहेत, आणि ते धन्यानेच घालविले आहेत. सुडाचा अधिकार खरे पाहता त्याला सर्वांहून अधिक. तो मात्र दुसऱ्याचे पाप अंगावर घेऊन निघून जातो. त्याच्या त्यागामुळे काही वाचत नाही, धनी सुधारत नाही. तरीही त्या रात्रीत मनुष्यासारखा वागलेला तो एकच मनुष्य आहे. संत गोन्सालो यांच्यासमवेत क्रुसावर असलेल्या जपानी पावलो मिकी यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली होती. ते आणि हाचिएमोन यांची गल्लत करणे योग्य नव्हे. एक श्रद्धेच्या बळावर बोलले, दुसरा केवळ निष्ठेच्या. पण वैराची साखळी आपल्यापाशी थांबावी म्हणून किंमत स्वतः मोजणारी माणसे कोठेही जन्मू शकतात, एवढे तरी त्या वृद्ध सेवकाकडे पाहून मान्य करावे लागते.

नानबोकुच्या नाटकात इतके सारे घडूनही गेन्गोबेई अखेरीस सत्तेचाळीस जणांच्या पथकात जातो आणि इतिहासात वीर ठरतो. नाटककाराने याहून बोचरा उपहास क्वचितच केला असेल. मात्सुमोतो आपल्याला त्या वीरश्रीचे दर्शन घडवीत नाहीत. प्रारंभी मावळलेला सूर्य त्यांच्या चित्रपटात पुन्हा उगवत नाही.

मात्सुमोतो २०१७ साली निवर्तले. त्यांचा हा चित्रपट प्रौढ व विचारी प्रेक्षकांनी अवश्य पाहावा, परंतु एकट्याने पाहून गप्प बसू नये. चित्रपट मंडळे चालविणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही एवढेच सुचवू की, पाहून झाल्यावर चर्चेसाठी एकच प्रश्न ठेवावा. गेन्गोबेईच्या मनात जे प्रसंग पुनःपुन्हा घडले, त्यांपैकी नेमक्या कोणत्या प्रसंगानंतर तो परत फिरू शकला असता? उत्तरे निरनिराळी येतील. प्रत्येकाने दिलेल्या उत्तरात त्याच्या स्वतःच्या एखाद्या जुन्या वैराची छाया पडलेली आढळली, तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही.